पाचवी उतरंड

पहिला बार झाला तेव्हा गारगोट्यांची पाटी माझ्या डोक्यावर होती. दुसरा झाला तेव्हा पाटी खाली सांडली होती आणि दादाने माझं डोकं गवतात दाबून धरलं होतं.

"दोन नळ्यांची हाय," तो माझ्या कानाशी बोलला. "आपल्या वाड्यावर कुणाकडं अशी बंदूक न्हाई."

"दादा, चल ना माघारी."

"माघारी? मग पगार कशाचा खातो मी?"

भादवा होता. ऊन नुकतं वर आलं होतं आणि तांबजाईचा सडा फुलांनी निळा झाला होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं मैदान. आमचा दोन कोस लांब. आमच्या धनगरवाड्याकडे तोंड करून चाललं की उजव्या अंगाला जंगल आणि डाव्या अंगाला कडा. कड्याखाली एकदम कोकण. दोन वर्षांपूर्वी हे सगळं राष्ट्रीय उद्यान झालं होतं, आणि वनखात्याने दादाला, म्हणजे माझ्या वडलांना, भागोजी येडग्यांना, रोजंदारीवर घेतलं होतं. काम एकच. सड्यावरच्या वाटेच्या खुणा राखायच्या.

कातळावर पायवाट उमटत नाही. म्हणून आमच्याकडे दगडांच्या उतरंडी रचायची रीत होती. खाली मोठा दगड, त्यावर लहान, त्याहून लहान, आणि सगळ्यात वर पांढरी गारगोटी. धुकं उतरलं की पुढचं माणूस दिसत नाही, पण गारगोटी दिसते. तीन दगडांची उतरंड म्हणजे पुढे भेग आहे, घसरण आहे, थांब आणि बघ. पाच दगडांची म्हणजे डोळे मिटून चल. वाड्याकडे येताना उजवा हात गारगोटीला लावायचा आणि तिच्या डाव्या बाजूने न थांबता पुढे जायचं. हात लावायचा, हलवायचं नाही. उतरंड हलवणाऱ्याला वाड्यावर कुणी दार उघडत नसे.

पावसात कोसळलेल्या उतरंडी भादव्यात पुन्हा रचायच्या असत. दादाने ही विद्या दोघांनाच नीट शिकवली होती. मला, आणि बायजाआत्याच्या नावजीला. "धुक्यात डोळ्यांचं ऐकायचं न्हाई, पायांचं ऐकायचं न्हाई. दगडाचं ऐकायचं," असं तो आम्हाला घोकायला लावायचा. नावजी चेष्टेखोर. म्हणायचा, "मामा, बायकोबी अशीच गारगोटी लावून दाव मला. म्हंजी चुकायची भीती न्हाई." आणि माझ्याकडे बघायचा. आत्याने माझ्यासाठी हिरवी चोळी शिवून ठेवली होती हे वाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

आम्ही झऱ्याच्या अंगाने ओणव्याने पुढे गेलो.

गव्याची गाय पडली होती. मेली नव्हती. मागचे पाय गेले होते आणि पुढच्या दोन पायांवर ती उठू बघत होती. उठायची, नाकातून लाल फेस यायचा, पुन्हा कोसळायची. एक किडकिडीत माणूस तिच्या मागच्या पायाची शीर कोयत्याने तोडत होता. बंदूकवाला दगडावर बसून विडी ओढत होता. अंगात खाकी कोट, पायात बूट, कमरेला काडतुसांचा पट्टा. आणि झऱ्यात सुरी धूत नावजी उभा होता.

दादा ताठ उभा राहिला. "नावज्या!"

नावजीच्या हातून सुरी पाण्यात पडली.

"कोण हा?" कोटवाल्याने विचारलं.

"मामा हाय माझा, रावसाहेब. वाटंवरचा माणूस."

"मग बरं झालं. मामा, बसा. मांडीचा एक फरा घेऊन जा घरी. इष्णू, मामांना फरा काढून दे."

"ती जित्ती हाय अजून," दादा म्हणाला.

"मरंल की. घाई कशाला?"

इष्णू हसला. दादा पुढे झाला. त्याच्या हातात फक्त काठी होती. "रावसाहेब, ही रानं आता सरकारची. आन् मी सरकारचा माणूस. तुमचं नाव, तुमचा गाव मी चौकीवर सांगणार. तुम्ही बी चला. सोताहून आलासा तर कमी हुईल."

"मामा चेष्टा करतो का रे?" रावसाहेबांनी नावजीला विचारलं.

"मामा, जा तू," नावजी म्हणाला. "ठकीला घेऊन जा. काय बघितलं न्हाई म्हण."

"मी बघितलंय."

"मामा, तुझ्या पाया पडतो."

"पाया पडायला तुला लाज न्हाई वाटत? ह्या हातानं दगड रचायला शिकवलं तुला."

रावसाहेब उठले. बंदूक मधोमध उघडून त्यांनी दोन काडतुसं भरली, सावकाश, पानाला चुना लावावा तशी. मग नळी दादाच्या छातीकडे वळवली. मी किंचाळले. त्याच वेळी नावजी मध्ये आला, त्याने रावसाहेबांच्या हातातून बंदूक ओढली आणि उलटी धरून दस्ता दादाच्या तोंडावर घातला.

तो आवाज मी आजही विसरलेले नाही. ओलं लाकूड फोडावं तसा. दादा गुडघ्यांवर बसला. त्याचा डावा डोळा जागेवर नव्हता. नावजीने पुन्हा दस्ता उचलला आणि खांद्यावर घातला, आणि दादा आडवा झाला.

"झालं," नावजी म्हणाला. "झालं, रावसाहेब. गेला तो. चला आता."

"गेला कसा? श्वास चाललाय." रावसाहेबांनी बंदूक परत घेतली. "इष्णू, कोयता."

इष्णू उठला. मी त्याच्यावर धावले. माझ्या कमरेला गवताचा विळा होता. तो कधी काढला ते आठवत नाही, पण इष्णूच्या मनगटात तो रुतला आणि हाडावर करकरला ते आठवतं. त्याने दुसऱ्या हाताने माझे केस धरले आणि मला गवीच्या अंगावर ढकललं. मी लोळत बाजूला गेले. तो गेला नाही. मरता मरता त्या जनावराने मान टाकली ती नेमकी त्याच्याकडे. शिंग मांडीतून शिरलं आणि पोटातून वर आलं. इष्णू तिच्या डोक्यावर टांगल्यासारखा झाला. ती त्याला घेऊन एकदा उठली, दोनदा आपटली आणि मग त्याच्यावरच निजली. तो "आये, आये" म्हणत होता. मग नुसता हवेसारखा आवाज.

रावसाहेबांनी दोन्ही बार तिच्या कपाळात घातले. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात मी दादाला उचललं. शेरडं उचलायची सवय होती. दादा त्यांच्याहून फार जड नव्हता. त्याचे हात माझ्या गळ्याशी घेतले, पाय धरले आणि पळाले. पाचशे पावलं गेले असेन, आणि कोकणातून धुकं वर आलं. भादव्यात ते असंच येतं, कुणी गोधडी टाकावी तसं. मागची माणसं दिसेनाशी झाली. मला माझे पाय दिसेनासे झाले.

"ठके," दादा पाठीवरून म्हणाला. "दगड धर."

पहिली उतरंड सापडली. हात लावला, डावीकडून पुढे. दुसरी. तिसरी. दादाचं रक्त माझ्या मानेवरून चोळीत उतरत होतं, कोमट.

मागून आवाज आला. "नावज्या, पुढं हो! तुला ठावी वाट! म्हातारा वाड्यावर पोचला तर फासावर जाशील, कळलं का? तू मारलंयस त्याला!"

मग नावजीचा. "ठके! ठकेऽ, थांब!"

मी थांबले नाही. पण माझी छाती फुटायला आली होती. वाडा अजून एक कोस होता. मी ओझं घेऊन चालत होते आणि तो मोकळा होता. धुक्यात तो माझ्याइतकाच सरळ चालू शकत होता, कारण त्याला उतरंडी ठाऊक होत्या. सड्यावर तेवढा एकच माणूस होता जो मला गाठू शकला असता.

चौथ्या उतरंडीनंतर सडा अरुंद होतो. वाट तिथे कड्यापासून तीसेक पावलांवर येते. पाचवी उतरंड हाताला लागली तेव्हा मी आणखी थोडं पुढे जाऊन दादाला एका खडकाआड ठेवलं.

"काय झालं?"

"दम लागला."

"बस. पर लांब जाऊ नगंस."

मी माघारी आले. पाचव्या उतरंडीवरची गारगोटी काढून ओटीत घेतली. बाकीची उतरंड पायाने गवतात लोटली. मग गुडघ्यांवर रांगत डावीकडे गेले, हाताने चाचपत, जिथे कातळ संपतो तिथपर्यंत. खालून वारा तोंडावर येत होता. तिथे सुटे दगड पुष्कळ. मी उतरंड रचली. अगदी कड्याच्या काठावर. तिच्या डाव्या बाजूला काहीच नव्हतं.

रचताना एक दगड दुसऱ्यावर वाजला.

मी परतले तेव्हा दादाने विचारलं, "ठके, दगड वाजला."

"ठेच लागली, दादा."

मी त्याला पुन्हा पाठीवर घेतलं. सहाव्या उतरंडीपाशी पोचले आणि मागे पावलं ऐकू आली. पळती पावलं. अनवाणी. मग हाक, जवळून: "ठके, मी हाय! मामाला खाली ठेव, मी घेतो..."

आणि मग हाक वर न येता खाली गेली. लांबपर्यंत जात राहिली. सड्यावर धुकं असलं की आवाज नीट ऐकू येतात.

दादाची बोटं माझ्या गळ्याभोवती घट्ट झाली. वाड्यापर्यंत ती सैल झाली नाहीत.

रावसाहेब दुपारी सापडले. चौथ्या उतरंडीपाशी ते पाय पोटाशी घेऊन बसले होते; दगडांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता आणि धुक्यात पाऊल टाकायची छाती नव्हती. वनखात्याच्या माणसांनी धरलं तेव्हा त्यांच्या मांडीवर बंदूक होती. रिकामी. काडतुसांचा पट्टा त्यांच्याकडे नव्हता.

नावजीला वर आणायला दोन दिवस लागले. कोकणातल्या माणसांनी डोली करून घाटाच्या वाटेने आणला. कांबळ्यात गुंडाळलेला. तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं. आत्याने कांबळं उघडलं. तिने त्याच्या पायांवरून हात फिरवला, मग छातीवरून, आणि तिच्या हाताला काडतुसांचा पट्टा लागला. त्याने तो गळ्यात अडकवला होता. सगळी काडतुसं जागेवर होती.

वनपाल म्हणाले, "रावसाहेबांनी जबानी दिली आहे. इष्णूला शिंगावरून काढायला म्हणून त्यांनी पट्टा सोडला, तो उचलून हा पळाला. तो धुक्यात गेल्यावर त्यांना ते कळलं."

मी दारात उभी होते. दादा बाजेवर बसला होता, अर्ध्या तोंडावर फडकं. वाड्यातली सगळी माणसं अंगणात होती.

दादा हळू बोलला. "त्यानं दस्ता मारला म्हणून गोळी बसली न्हाई. मला तवाच कळलं हुतं."

आत्या उठली. रडत नव्हती. "भागू, एक सांग मला. माझा नावजी वाट कसा चुकला?"

तिने कांबळं पुन्हा झाकलं.

"पाच वर्साचा असल्यापास्नं तुझ्या दगडावर चालला. झोपंत चालला असता. तो कड्यावर गेला कसा? बोल की! मी वर जाऊन बघून आले भागू. पाचवी उतरंड जाग्यावर न्हाई. कड्यावर हाय. रचलेली हाय. कुणी हलवली?"

तिचं बोलणं दादाशी होतं, पण नजर अंगणभर फिरत होती. ती माझ्यावर यायला दोन माणसं उरली होती. माझ्या जिभेवर शब्द आला होता. खोटं सांगत नाही, आला होता.

"मी," दादा म्हणाला.

"तू?"

"मी हलवली, बायजे. मला वाटलं ती जिवावर उठल्यात."

"तुला धड उभं ऱ्हाता येत न्हवतं!"

"रांगत गेलो."

आत्याने चुलीजवळचा वरवंटा उचलला. मला वाटलं कुणीतरी धरेल. कुणी धरलं नाही. तिने तो दोन्ही हातांनी दादाच्या कपाळावर घातला, एकदा, आणि दादाने हात वर केला नाही. तो बाजेवरून पडला. उठून बसला. रक्त त्याच्या उरलेल्या डोळ्यात जात होतं आणि तो ते पुसत नव्हता. आत्या दुसऱ्यांदा वरवंटा उचलायला गेली आणि तिथेच बसली. मग तिचा हंबरडा सुरू झाला.

मी बोलले नाही.

महिन्याभरात आम्ही वाडा सोडला. उतरंड हलवणाऱ्याला दार नसतं. दादाने वनखात्याचं काम सोडलं आणि खाली घाटमाथ्याच्या एका गावात लोकांची शेरडं राखली. आत्याने त्याचं तोंड पुन्हा पाहिलं नाही, आणि तो पुन्हा सड्यावर गेला नाही. मी लग्न केलं, पोरं झाली. हिरवी चोळी आत्याने नावजीबरोबर पुरली होती असं कुणीतरी सांगितलं.

दादाने मला त्याबद्दल एकदाच विचारलं. अंथरुणाला खिळला होता, शेवटचं वर्ष. मी त्याला पेज भरवत होते.

"ठके, किती दगड लावलेस?"

मी चमचा खाली ठेवला.

"तीन लावलेस का पाच?"

तीन लावले असते तर नावजी थांबला असता. थांब आणि बघ. त्याने हाताने पुढचं चाचपलं असतं, वारा तोंडावर घेतला असता. तेवढ्या वेळात मी वाड्याच्या हाकेच्या टप्प्यात पोचले असते. रचायला बसले तेव्हा हे सगळं मला ठाऊक होतं. पुढे तोच असणार हेही ठाऊक होतं. त्याने माझ्या बापाचा डोळा फोडताना मी पाहिलं होतं आणि मला त्याला थांबवायचं नव्हतं.

"पाच," मी म्हणाले.

दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं. पेज राहिली.

आता मी सत्तरीत आहे. वाडा कधीच उठला, बायजाआत्या गेली, धनगर खाली विखुरले. उद्यानात आता माणसं शहरातून चालायला येतात. गेल्या कार्तिकात वनखात्याची एक मुलगी माझ्या दारात आली. केतकी नाव तिचं, वनरक्षक, माझ्या नातीच्या वयाची.

"आजी, सड्यावरची जुनी वाट आम्हाला पुन्हा आखायची आहे. पर्यटकांसाठी. उतरंडी नेमक्या कुठे होत्या ते सांगणारं दुसरं कुणी उरलं नाही. येता का? गाडी अर्ध्या डोंगरापर्यंत जाते."

पोरगा नको म्हणाला. मी गेले.

ऊन स्वच्छ होतं. दोन माणसांचा आधार घेत मी झऱ्यापासून निघाले. पहिली दाखवली, दुसरी, तिसरी. केतकी प्रत्येक जागी चुन्याची खूण करायची आणि वहीत लिहायची. चौथीपाशी मी बसले, पाणी प्याले.

"आता इथून सरळ तिकडे ना?" तिने डावीकडे बोट दाखवलं. "ती कड्यावरची? ती एकच शाबूत आहे बघा."

मी पाहिलं. ती केवढी झाली होती! माझ्या कमरेपर्यंत. येणाऱ्या प्रत्येकाने एकेक दगड टाकला होता, आणि खात्याने कड्याला लोखंडी कठडा घातला होता. तिथे उभं राहून पोरं फोटो काढत होती. ढिगाच्या आत, खोल, काहीतरी पांढरं दिसत होतं.

"तिकडं वाट न्हाई, पोरी," मी म्हणाले. कठड्यापर्यंत गेले, आणि तिथून तीस पावलं उजवीकडे जाऊन काठी टेकवली. "पाचवी हितं."

"मग ती?" केतकीने वही उघडली. "खालचे लोक म्हणतात ती तुमच्या वडिलांनी हलवली. काहीतरी भांडण होतं. तसंच लिहू ना? भागोजी येडगे?"

तिची लेखणी कागदावर टेकली होती.

"न्हाई," मी म्हणाले. "त्याचं नाव काढ. ती मी रचली. ठकूबाई लिही. आन् ती कुणासाठी रचली हुती ते बी सांगते. त्याचं नाव नावजी."